गिळलेल्या नाण्यावर केळं भरवू नका

मुलानं काही गिळलं की घरात पहिला हात जातो केळ्याकडे. माशाचा काटा अडकला तर भाताच्या गोळ्याकडे. वस्तू पुढं सरकेल, या मायेपोटीच हे होतं, पण दुर्बिणीनं ती काढायची वेळ आली की हेच घास आड येतात. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. शिवाय सगळीकडं केळ्याचा लगदा असतो, नाणं दिसत नाही.

मीठपाणी पाजून ओकायला लावू नका, घशात बोटं घालू नका. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका ओरबाडते.

‘शीवाटे पडेल’ हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण सगळ्यात महाग पडणारी चूक इथंच होते: बटण सेलला नाणं समजून वाट बघणं. रिमोट, वजनकाटा, दिवाळीतले बॅटरीवरचे दिवे यांत हा सेल असतो. सीआर २०३२ या प्रकारचा सेल २० मिमीचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला टेकला की प्रवाह सुरू होतो, तिथं अल्कली तयार होते आणि २ तासांत अस्तर भाजू लागतं. ‘संपलेला’ सेलही भाजतो. एक्स-रे मोठा करून पाहायला सांगा: नाण्याची कड एकसंध, सेलच्या कडेला आत दुसरी कड.

काही भरवू नये याला एकच अपवाद. सेल गिळून १२ तास झाले नसतील, मूल वर्षापुढचं असेल आणि गिळू शकत असेल, तर दर १० मिनिटांनी २ चमचे मध, जास्तीत जास्त ६ वेळा. तोही रुग्णालयात जायला गाडीत बसल्यावर. मध शोधत घरी थांबू नका.

एकाहून जास्त लोहचुंबक गिळले असतील तर मूल हसतं-खेळतं असलं तरी निघा. आतड्याचे दोन वेढे चुंबकांमध्ये चिमटून भोक पडतं.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लास्टिक आणि माशांचे बरेच काटे त्यात दिसत नाहीत. आजोबांची कवळीसुद्धा. लाळ गळतेय, थुंकीही गिळवत नाही, तर सकाळची वाट न बघता रात्रीच न्या.

निघताना तसाच दुसरा सेल किंवा खेळणं बरोबर घ्या. वस्तू कधी गिळली आणि शेवटचं खाणं कधी झालं, दोन्ही वेळा लिहून ठेवा.