जुन्या गाडीची लाईट मधेच जाते तेव्हा

आयटीआय करून गॅरेजात आलेल्या पोरांना सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उघडता येतो, अल्टरनेटरचे, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे, कार्बन बदलता येतात. अडतं ते एका तक्रारीपाशी: "गाडी चालता चालता बंद पडते, डॅशबोर्डचे दिवेसुद्धा जातात, आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते." गॅरेजात आली की गाडी ठणठणीत. मग अंदाजाने बॅटरी बदलतात, नंतर अल्टरनेटर, नंतर कॉइल. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो आणि दोष जागेवरच राहतो. मला हे काम मनापासून आवडतं, आणि ते नीट शिकता येतं, म्हणून लिहितोय.

बॉनेट उघडण्याआधी मालकाला बोलतं करा. लाईट गेली तेव्हा हॉर्न वाजत होता का? पार्किंग लाईट लागत होत्या का? बहुतेक जुन्या गाड्यांत या गोष्टी चावीवर अवलंबून नसतात. त्या चालू आणि बाकीचं बंद, तर संशय इग्निशन स्विचवर. वर्षानुवर्षं चावीला जड जुडगा लटकत असेल, तर स्विचमधले कॉन्टॅक्ट सैल झालेले हमखास सापडतात. चावी हलकेच हलवून बघा. सगळंच गेलं असेल, तर दोष सगळ्यांच्या वाटेत असलेल्या जागी शोधायचा: बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (जास्त करंट गेला की वितळणारा वायरीचा तुकडा), आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीला आणि इंजिनला असलेली जोडणी. खड्ड्यात गेल्यावर होतं की इंजिन तापल्यावर, हेही विचारा.

आता मीटर. बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला हवेत. इथपर्यंत सगळे येतात. फसतात ते पुढे. डिजिटल मीटर वायरीतून जेमतेम मायक्रोअँपिअरमध्ये करंट घेतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो 12 व्होल्ट दाखवतो आणि पोरगा म्हणतो, "लाईन बरोबर आहे." लोड टाकल्याशिवाय, म्हणजे खरा करंट ओढल्याशिवाय, जुनी वायर खरं बोलत नाही. म्हणून माझ्या पेटीत होल्डरला वायरी जोडलेला 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब कायम असतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर जोड लगेच उघडा पडतो. फक्त एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, सिग्नल वायरींना तो लावू नका.

एका कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीचं सांगतो. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही नवे टाकून झाले होते, तरी घाटात गाडी बंद पडायची. बॅटरीवर 12.5, फ्यूज बॉक्सवरही तेवढेच. हेडलाईट लावले आणि फ्यूज बॉक्सवरचे व्होल्ट 9 च्या खाली घसरले. बॅटरीवर मात्र 12.3 कायम. मधले साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी जळत होते. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवली आणि काळी पिन मेन वायरीवरून एकेक जोड पुढे सरकवत नेली. लगपर्यंत (वायरीच्या टोकाची धातूची कडी) जवळजवळ शून्य. पुढच्या कपलरच्या (दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) अलीकडे शून्य, पलीकडे एकदम साडेतीन. कपलर हाताला गरम लागत होता. उघडला तर प्लास्टिक तपकिरी झालेलं, आतली पिन काळी आणि तिची पकड गेलेली. इंजिन तापलं की कॉन्टॅक्ट सुटायचा, थंड झालं की परत धरायचा. सेल्फ मात्र जोरात फिरायचा, कारण त्याची जाड केबल बॅटरीवरून वेगळी जाते. त्यामुळेच आधी कुणी या वायरीकडे पाहिलं नव्हतं.

अर्थिंगही असंच तपासा. हेडलाईट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत मोजा, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आले तर जोड साफ करायला काढा. सेल्फ मारताना निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक 0.5 पर्यंत चालतं. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थ पट्टी तुटली, तर करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ही केबल तापत असेल, तर आधी पट्टी बघा. गंजावर किंवा रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. पत्रा चमकेपर्यंत घासायचा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग तपासायची जुनी सवय कुणी शिकवली तरी उचलू नका. व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं तर गाडी पेटवण्याची तयारी. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, आणि बोटातली अंगठी खिशात.

त्या गाडीचा कपलर कापून तेवढ्याच जाडीची वायर, नवीन टर्मिनल नीट क्रिम्प करून (पकडीने दाबून), वर स्लीव्ह चढवून बसवली. हेडलाईट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू करून परत मोजलं: त्या जागी 0.1 व्होल्ट. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चढावर फिरवली, तशाच गरम इंजिनवर पुन्हा मीटर लावला, आणि त्यानंतरच मालकाच्या हातात चावी दिली.