हवामान-फाइलमध्ये तापमान वाढवल्यावर इमारतीत येणारा अवास्तव दमटपणा: माझा अनुभव
एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जावापराचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या ईपीडब्ल्यू फाइलमध्ये (तासागणिक हवामानाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) भावी उष्णतेच्या लाटेनुसार तापमान वाढवले, की खोल्यांतील दमटपणा आणि शीतकरणाचा भार अवाजवी वाढत असे. वायुवीजनाचे वेळापत्रक बदलून किंवा आर्द्रतेतून सरसकट काही टक्के वजा करूनही प्रश्न सुटेना, आणि याचा मला फार मनस्ताप झाला. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प आहे, तो आकडा) तीच ठेवून तापमान वाढवल्यास हवेतील बाष्पच वाढते, हे त्याचे कारण होते. 40 अंश सेल्सियसला 20 टक्के असलेली आर्द्रता, बाष्प तेवढेच राहिल्यास, 43 अंशांवर सुमारे 17 टक्के व्हायला हवी.

तापमानाला हात लावण्याआधी प्रत्येक तासाचा बाष्पदाब मूळ तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांवरून काढून ठेवावा. मग तापमान वाढवावे. हवामान-प्रतिमानात विशिष्ट आर्द्रतेतील (एक किलो हवेत किती बाष्प आहे, त्यातील) बदल दिलेला असेल, तर त्या प्रमाणात बाष्पदाब बदलावा. या बाष्पदाबाला नव्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने (हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरच्या दाबाने) भागून सापेक्ष आर्द्रता काढावी, ती 100 टक्क्यांवर जाऊ देऊ नये, आणि दवबिंदू त्यानंतरच मोजावा. आकाशाकडून येणाऱ्या अवरक्त प्रारणाच्या रकान्यात जुनेच आकडे राहतात, हे सहज नजरेआड होते. तेथे 9999 (म्हणजे ‘माहिती नाही’) लिहिल्यास एनर्जीप्लस ते प्रारण स्वतः नव्याने मोजते.