शेरलॉकवर लघुप्रबंध करताय? आधी घड्याळ शोधा

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या लघुप्रबंधाचं पान 23 उघडलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "घड्याळ कुठं आहे?"

मी भिंतीकडं बघितलं. खरंच बघितलं. मला वाटलं, सरांना जेवायला उशीर होतोय.

पान 23 वर मी दिमाखात लिहिलं होतं की बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत जॉन वॉटसनचा मोबाइल हातात घेऊन शेरलॉक त्याच्या घरची सगळी कुंडली मांडतो, तो प्रसंग मालिकाकारांच्या डोक्यातला, अस्सल एकविसाव्या शतकातला. सर म्हणाले, "हा प्रसंग 1890 चा आहे. तेव्हा ते घड्याळ होतं." पुढची दहा मिनिटं माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं ते मला आठवत नाही. 'दुरुस्ती करून पुन्हा सादर करावा' असा शेरा बसला आणि हातचे चार महिने गेले.

हे लिहितेय ते एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होम्सच्या मूळ कथा आणि त्यावरच्या मालिका असा विषय घेतलेल्यांसाठी. होम्सला जन्म देणारा लेखक डॉइल कोण, होम्सचं घर 221बी कुठं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. विषय झकास आहे, त्यात वाद नाही. घरी मात्र ऐकून घ्यावं लागतं. आमची आई म्हणायची, "मालिका बघून एम. ए. हुतंय व्हय गं? मग मी तर कवाच डॉक्टर झाले असते."

तर तो खड्डा. 'शेरलॉक'चा पहिला भाग 'अ स्टडी इन पिंक', जुलै 2010 मधला. नाव ऐकूनच कळतं की मूळ 'अ स्टडी इन स्कार्लेट', म्हणजे 1887 ची पहिली होम्स कादंबरी. मी ती वाचली. वरवर नाही, पेन्सिलीनं खुणा करत वाचली, आणि त्यामुळंच जास्त फसले, कारण जुळण्या पटापट सापडत गेल्या. कादंबरीत खुनी बग्गीवाला, मालिकेत टॅक्सीवाला. तिथं दोन गोळ्या, त्यातली एक विषारी, इथंही तेच. तिथं खुन्याच्या छातीतली रक्तवाहिनी फुगलेली, कधी फुटेल सांगता येत नाही, इथं ती मेंदूतली. मग ती आर, ए, सी, एच, ई ही पाच अक्षरं. कादंबरीत ती भिंतीवर रक्तानं लिहिलेली. पोलिसातला लेस्ट्रेड म्हणतो, कुणीतरी 'रेचल' लिहिता लिहिता थांबलं. होम्स म्हणतो, छे, हा जर्मन शब्द, अर्थ सूड. मालिकेत बरोबर उलटं केलंय. तिथं जर्मन शब्दाची हुशारी पोलिसांच्या बाजूचा अँडरसन दाखवतो आणि शेरलॉक त्याला झिडकारून 'रेचल'च म्हणतो. हे सापडलं त्या रात्री मी मेसमध्ये पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवल्या.

एवढं जुळलं, म्हणजे जे जुळलं नाही ते मालिकेचं स्वतःचं, असा मी सरळ हिशेब मांडला. घात तिथं झाला. एपिसोडचं नाव एका कथेकडं बोट दाखवतं, पण माल भलतीकडूनही आलेला असतो. मालिकाकार मॉफट आणि गॅटिस दोघेही होम्स तोंडपाठ असलेले लोक. 4 कादंबऱ्या आणि 56 कथा त्यांना खुल्या फडताळासारख्या आहेत, हात जाईल तिथून ते काढतात.

ते घड्याळ 'द साइन ऑफ फोर' ह्या दुसऱ्या होम्स कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात आहे, जी मी उघडलीच नव्हती. वॉटसन आपलं खिशातलं घड्याळ होम्सच्या हाती देतो आणि म्हणतो, मालकाबद्दल सांग. होम्स मागचं झाकण उघडतो, भिंग लावतो. घड्याळ भारी, पण पोचे आलेलं, चरे पडलेलं, म्हणजे नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर एकाच खिशात कोंबलेलं, म्हणजे मालक बेफिकीर. झाकणाच्या आत टाचणीच्या टोकानं कोरलेले बारीक आकडे, चार वेळा. लंडनचे गहाणवाले पावतीचा नंबर असा कोरायचे, म्हणजे माणूस चार वेळा अडचणीत आला आणि मधूनमधून सोडवण्याइतका सावरलाही. आणि किल्लीच्या भोकाभोवती असंख्य ओरखडे. दारूनं हात थरथरणारा माणूस रात्री किल्ली द्यायला बसतो, तेव्हा ती घसरते. वॉटसनचा थोरला भाऊ. वॉटसन रागानं उठून उभा राहतो, त्याला वाटतं ह्यानं मागून चौकशी केलीय.

आता मोबाइल बघा. महागाचा, पण नाणी-किल्ल्यांनी चरे पडलेला. चार्जर लावायच्या जागेभोवती ओरखडे, कारण रोज रात्री थरथरत्या हातानं पिन लावलेली. मागं कोरलेलं, 'हॅरी वॉटसन' आणि देणारी क्लॅरा. शेरलॉक म्हणतो, भाऊ, दारुडा, बायकोशी फाटलेलं. सगळं बरोबर, फक्त हॅरी म्हणजे हॅरिएट, बहीण! ज्यानं कादंबरी वाचलीय तो प्रेक्षक शेरलॉकच्या आधीच मनात 'भाऊ' म्हणून बसलेला असतो. मालिकेनं टांग मारली ती त्याला, आणि शेरलॉक त्याच्याबरोबर पडतो. माझ्यासारखीला, जिनं वाचलंच नाही, ह्यात विनोद आहे हेसुद्धा कळत नाही. मी त्यावर दोन पानं गंभीरपणे लिहिली होती.

तसंच लंगडण्याचं. पहिल्या कादंबरीत अफगाणिस्तानातल्या लढाईत वॉटसनला गोळी लागते खांद्याला. दुसरीत डॉइल विसरतो आणि ती पायात जाते. मालिकेतला जॉन काठी घेऊन लंगडतो, पण जखम खांद्याला, पायाचं दुखणं मनाचं. एकच कादंबरी वाचलेल्याला हे नुसतं मानसशास्त्र वाटतं.

मग वाचायचं किती? सगळं. साठच्या साठ. कुणी पाच निवडक कथांची यादी देत असेल तर ती यादी घ्या आणि आमच्या कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या भेळवाल्याला द्या. घाबरू नका पण. बहुतेक कथा वीस-पंचवीस पानांच्या आहेत, रात्री जेवण झाल्यावर एक सहज होते. मी मराठी माध्यमाची, इचलकरंजीहून एसटीनं ये-जा करणारी. सुरुवातीला ते व्हिक्टोरियन इंग्रजी तिसऱ्या वाक्याला दम काढायचं. दहाव्या कथेनंतर ते पायाखालची वाट होतं, कारण डॉइलची वाक्यं अवघड नाहीत, फक्त वस्तू जुन्या आहेत. करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचा, 1850 पासूनची संस्था आहे, तिथं निवांतपणा मिळतो. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही जा, पण परीक्षेच्या दिवसांत जागा धरायला सकाळीच पोचा. पुस्तक मिळालं नाही तरी अडत नाही, मूळ इंग्रजी कथांचा हक्क आता संपलाय. अमेरिकेत शेवटच्या काही कथा तेवढ्या अडकल्या होत्या, त्याही 1 जानेवारी 2023 ला मोकळ्या झाल्या. फाइल उतरवून घेतली की शब्द शोधता येतो. मी नंतर 'वॉच' टाकून बघितलं. दुसऱ्या सेकंदाला सापडलं. त्या सेकंदाचा मला अजून राग येतो.

आणि हो, 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य डॉइलच्या एकाही कथेत नाही. दर वर्षी कुणीतरी ते मुखपृष्ठावर घालतंच. वीस मिनिटांत अख्खी मालिका समजावून सांगणारे व्हिडिओ बघून लिहिलेलं परीक्षकाला तिसऱ्या पानावर कळतं, कारण त्या सगळ्यांतल्या चुका एकसारख्या असतात.

मार्गदर्शकांबद्दल थोडं बोलते, मग गप्प बसते. माझ्या मार्गदर्शकांनी प्रत्येक प्रकरणावर 'छान' लिहिलं. पाच प्रकरणं, पाच 'छान'. त्यांच्याकडं बारा मुलं होती, त्यांना दोष देत नाही, पण 'छान'नं माझं वाटोळं केलं. शेरा बसल्यावर मी पदवीच्या वर्गाला शिकवलेल्या बाईंकडं गठ्ठा घेऊन गेले. त्यांनी पहिल्या दहा पानांत एवढी तांबडी शाई ओतली की ते मिसळीच्या कटासारखं दिसायला लागलं. असा माणूस शोधा. तो तुमच्या विभागातलाच असला पाहिजे असं काही नाही.

एपिसोड निवडताना 'दोन्ही मालिकांचा समग्र अभ्यास' असलं काही सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यात, लिहू नका. 'शेरलॉक'चे 2016 चा विशेष भाग धरून 13 भाग, साधारण दीड तासाचा एक, वीस तासांच्या आत संपतात. 'एलिमेंटरी' ही होम्सवरचीच अमेरिकन मालिका, तिचे 2012 ते 2019 मध्ये 154 भाग झाले, ते शंभर तासांच्या वर जातात. मी सगळे बघितले. बघू नका. त्यापेक्षा एकच मूळ कथा धरा जी दोघांनीही उचललीय, आणि तिघांना शेजारी ठेवा. मला बाईंनी मिल्व्हर्टन धरायला लावला आणि तिथून प्रबंध उभा राहिला.

'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' ही 1904 ची कथा. हा लोकांची पत्रं मिळवून त्यांना लुटणारा माणूस. होम्स आणि वॉटसन त्याच्या घरात चोरून शिरतात, पडद्यामागं लपतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाई येऊन त्याला गोळ्या घालते. वॉटसन पुढं झेपावणार तर होम्स त्याचं मनगट घट्ट धरतो. मग तिजोरीतली पत्रं विस्तवात टाकतो. म्हणजे माणूस तिनं संपवला, कागद ह्यानं. 'शेरलॉक'मध्ये 2014 ला हाच माणूस मॅग्नुसेन होऊन येतो, वर्तमानपत्रांचा मालक. त्याची तिजोरी कुठंच नाही, सगळं डोक्यात. कागदच नाहीत म्हटल्यावर जाळणार काय? मग शेरलॉक स्वतः त्याच्या कपाळात गोळी घालतो. पडद्यामागं गप्प राहिलेल्याचा खुनी झाला, आणि त्याचं कारण त्या न सापडणाऱ्या कागदांत आहे. 'एलिमेंटरी'च्या पहिल्याच सीझनमध्ये मिल्व्हर्टन नाव न बदलता येतो, होम्स घरात लपलेला असताना मारला जातो, आणि खरी पंचाईत मग सुरू होते. कारण तो मेल्याचं कळलं की त्याचा साथीदार सगळं उघड करणार. इथं माणूस मारून गुपित मरत नाही, उलट सुटतं. कागद, मेंदू आणि नेटवर पसरणारी माहिती. ह्या तीन शब्दांवर माझं तिसरं प्रकरण झालं. 'मूळाशी कोण प्रामाणिक' हा प्रश्न मी तोवर चाळीस पानं चघळत होते, त्यातून एक ओळ निघाली नव्हती.

व्यसनाचंही असंच बघता येतं. डॉइलचा होम्स कोकेनची सुई घेतो, सात टक्क्यांचं द्रावण, आणि त्या काळी ते बेकायदा नव्हतं. 'द रेड-हेडेड लीग'मध्ये तो म्हणतो हा तीन चिलमींचा प्रश्न आहे, बीबीसीवाला हातावर निकोटीनच्या तीन पट्ट्या चिकटवतो, आणि गंमत होऊन जाते. 'एलिमेंटरी' मात्र व्यसन हसण्यावारी नेत नाही. तिथं वॉटसन म्हणजे जोन, पूर्वी शल्यविशारद असलेली बाई, आणि ती घरात येते तीच मुळी होम्सचं सुटलेलं व्यसन परत लागू नये म्हणून सोबतीला. होस्टेलवर सगळ्यांना बीबीसीचा शेरलॉक, म्हणजे कंबरबॅच, हवा असतो, लूसी ल्यूची वॉटसन कुणी बघत नाही, हे मला पटत नाही. हळूहळू स्वतः गुप्तहेर होत जाणारी वॉटसन मला दुसरीकडं दिसली नाही.

दुसऱ्यांदा सादर करायच्या आधी एक प्रकार झाला. आजोबांचं एचएमटी बंद पडलेलं, ते महाद्वार रोडला बाइंडिंगला जाता जाता घड्याळवाल्याकडं टाकलं. टपरीएवढं दुकान. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "दोनदा उघडलंय हे. एकदा आमच्या वडलांनी." कसं काय? त्यांनी झाकण माझ्यापुढं धरलं. आत, नखाएवढ्या जागेत, टोकदार कशानं तरी कोरलेली तारीख आणि शेजारी एक वाकडा 'म'. दुसऱ्या बाजूला नुसती तारीख, वेगळ्या हाताची. "परत आलं की कळतंय, कवा उघडलेलं," ते म्हणाले. मी फोटो काढला आणि उत्साहात पान 23 वर, त्या मोबाइलच्या प्रसंगाशेजारी चिकटवला.

बाईंनी त्यावर तांबडी काट मारली आणि समासात लिहिलं, 'हे डॉइलमध्ये कुठं आहे?'