निबंध तपासताना चूक दाखवू नका, ओळ दाखवा

फर्स्ट इयरच्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासताना लाल पेनाने प्रत्येक चूक दुरुस्त करत बसू नका. चूक असलेल्या ओळीसमोर समासात फक्त टिंब द्या. दोन चुका, दोन टिंबं. वही परत करा आणि दहा मिनिटं द्या. चूक मुलानेच शोधायची.

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर लिहिताना एकाने लिहिलं होतं, ‘आय बॉट बनानाज फ्रॉम ओल्ड वूमन.’ टिंब पाहून तो आधी स्पेलिंगच तपासत बसला. मोठ्याने वाच म्हटल्यावर मात्र ‘ॲन ओल्ड वूमन’ आपसूक तोंडून आलं. मराठी-कोंकणीत ‘अ, ॲन, द’ अशी आर्टिकल नाहीत, त्यामुळे लिहिताना ती गळतात. तरीही चूक सापडली नाही तर शेवटच्या वाक्यापासून एकेक वाक्य उलट्या क्रमाने वाचायला लावा. मग अर्थाच्या ओघात चूक झाकली जात नाही.

‘गोवा इज नोन फॉर इट्स सीनिक ब्यूटी’ला मात्र मी टिंब देत नाही, सरळ काट मारतो. व्याकरण बिनचूक आहे, पण केळी मयडे गावची होती का, म्हातारीने भाव किती सांगितला, हे त्यात कुठे आहे?