जन्मजात हृदयविकार असलेल्या मोठ्यांसाठी वॉकेथॉन कशी भरवावी

शंभर बाळांमागे साधारण एकाला जन्मतःच हृदयाचा काही ना काही दोष असतो. कुणाच्या पडद्याला भोक, कुणाची झडप अरुंद. वेळेवर उपचार मिळालेली बहुतेक मुलं आता मोठी होतात, नोकरीला लागतात, संसार थाटतात. पण ‘लहानपणीच ऑपरेशन झालंय, आता काही नाही’ असं म्हणत त्यांची तपासणी सुटते. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही १८ वर्षांपर्यंतच आहे. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ची (हृदयात चार दोष एकत्र असलेल्या जन्मजात विकाराची) शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची झडप मात्र वर्षानुवर्षं गळत राहते आणि मोठेपणी बदलावी लागते. ही सुटलेली माणसं पुन्हा डॉक्टरांपर्यंत पोचावीत, यासाठी ही फेरी काढायची.

जन्मजात हृदयदोषांचा जागृती सप्ताह ७ ते १४ फेब्रुवारीला असतो. त्यातला रविवार धरा आणि सकाळी लवकर सुरुवात करा. पुण्यात असाल तर पर्वती किंवा टेकडी नकोच. एम्प्रेस गार्डनसारखी सावलीची, सपाट जागा बघा. पाच किलोमीटरच्या सरळ रस्त्यापेक्षा चारपाचशे मीटरची गोल फेरी कितीतरी बरी, कारण दमलेल्याला केव्हाही थांबता येतं. बसायला जागोजागी बाक हवेत. वेळ मोजू नका, पहिला नंबर काढू नका. सगळ्यांत हळू चालणाऱ्यासोबत एक स्वयंसेवक शेवटपर्यंत राहील, हे आधीच ठरवा.

जागेच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. रस्त्यावरून जाणार असाल तर महापालिका आणि वाहतूक पोलिसांचीही लागेल. निधी गोळा करायचा आणि आपली संस्था नोंदणीकृत नसेल, तर गणेश मंडळं काढतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढा. करसवलतीची पावती देणार असाल तर देणगीदारांना सांगून ठेवा, की २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर सवलत मिळत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नाव नोंदवतानाच प्रत्येकाला आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून यायला सांगा आणि खिशात ठेवायचं एक कार्ड द्या. त्यावर आजाराचं नाव, झालेली ऑपरेशन्स, पेसमेकर, रक्त पातळ करणारी गोळी, घरच्यांचा फोन आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं नेहमीचं प्रमाण एवढं असावं. हे शेवटचं विसरू नका. काहींचं ऑक्सिजन एरवीही ८०-८५ टक्केच असतं, ओठ निळसर असतात. स्वयंसेवकाला हे ठाऊक नसेल तर बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून तो उगाच धावाधाव करेल. त्याला एकच प्रश्न शिकवा: ‘नेहमीपेक्षा जास्त त्रास होतोय का?’ छातीत दुखणं, चक्कर, अचानक धडधड, यांपैकी काहीही झालं तर चालणं लगेच बंद. सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) येणारी माणसं, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र आणि उभी रुग्णवाहिका हवीच. १०८ वर फोन करू म्हणून विसंबून राहू नका. साधं पाणी भरपूर ठेवा. मिठाचं सरबत आग्रहाने पाजू नका, काहींना मीठ आणि पाणी मोजूनच घ्यायला सांगितलेलं असतं.

टी-शर्ट सगळ्यांना एकाच रंगाचे द्या, रुग्णांना वेगळा रंग नको. लग्न ठरायचं असलेली मुलगी छातीवरचा व्रण वर्षानुवर्षं लपवत असते, नोकरी जाईल म्हणून कुणी ऑफिसात बोललेलं नसतं. फोटो विचारूनच काढा. मंचावरून नावं पुकारून ‘हृदयरुग्ण’ म्हणून सत्कार करू नका. ज्याला बोलायचंय तो आपणहून माईक घेईल.

फेरी संपते तिथे एक टेबल मांडा. जुनी फाईल किंवा तिचे फोटो घेऊन यायला आधीच सांगितलेलं असू द्या. तिथल्या डॉक्टरांनी ती वाचून कोणतं ऑपरेशन, कोणत्या वर्षी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, हे एका पानावर लिहून द्यावं. फाईल हरवली असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला द्यायचा अर्ज तिथेच भरून घ्या. जमलेल्या निधीतून ज्यांचा इको करायचा आहे, त्यांना त्याच टेबलावर तारीख द्या.