फुलपाखराचा फोटो टिपायचाय? आधी खुळखुळा शोधा

पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलपाखरांमागे पळू नका. माळावर वाळू लागलेला खुळखुळा (वाळल्या शेंगा खुळखुळ वाजणारं रानझुडूप) दिसला की तिथेच बसा. त्याच्या सुकत्या फांद्यांतला रस शोषायला रुईवर वाढणारी पट्टेरी फुलपाखरं, त्यातही नर, जमतात आणि अशी रमतात की हातभर अंतरावर गेलात तरी उडत नाहीत. (घाणेरीवर फुलपाखरं भरपूर, पण एक थांबेल तर शपथ!) सकाळी ऊन कोवळं असताना ती पंख पसरून शेकत बसतात, तेव्हाच जा. शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. कॅमेरा पंखांना समांतर धरा, नाहीतर एक पंख स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. आणि तुमची सावली? ती त्यांच्यावर पडलीच की गेली सगळी.