व्हॉल्तेर वाचायचा तर आधी फाईल उघडा

मी 31 वर्षं कोर्टात कारकुनी केली. फायली लावायच्या, रोजनामा लिहायचा, नकला द्यायच्या. आता दर शनिवारी संध्याकाळी पेठेतल्या वाचनालयात आम्ही आठ-दहा जण जमून काहीबाही वाचतो. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्तेरसारख्या युरोपातल्या विचारवंतांनी धर्मावर टीका केली, तिचं पुढे काय झालं, हा विषय मी दोनदा घेतला. पहिल्यांदा पार फसला. सुरुवातच ‘विवेकवाद’ या शब्दापासून केली, वीस मिनिटांत गाडी देव आहे की नाही यावर गेली आणि दोघं चहाही न घेता उठून गेले. दुसऱ्यांदा जमला. ती रीत सांगते.

तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि एक खटला घ्या. फळ्यावर रोजनाम्यासारख्या फक्त तारखा लिहा.

13 ऑक्टोबर 1761, फ्रान्समधलं तुलूज शहर. ज्याँ कालास हा कापडाचा व्यापारी. त्याच्या धंद्यातल्या छापील सुती कापडाला फ्रेंच लोक भारताच्या नावावरून ‘अँदिएन’ म्हणत. गाव कॅथलिक, हे घर प्रोटेस्टंट; दोन्ही ख्रिस्तीच, पण पंथ वेगळे. रात्री जेवणं झाल्यावर थोरला मुलगा मार्क-आंत्वान खाली दुकानात मेलेला सापडला. दारात गर्दी जमली आणि गर्दीतून आवाज उठला : पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानंच मारला. त्याच रात्री सगळं घर कोठडीत गेलं, जेवायला आलेला पाहुणा आणि मोलकरीणसुद्धा. 9 मार्च 1762 ला निकाल, आठ विरुद्ध पाच मतांनी. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची हाडं चाकावर मोडली, दोन तासांनी गळा आवळला, प्रेत जाळलं. शेवटपर्यंत तो ‘मी निर्दोष आहे’ एवढंच म्हणत राहिला.

इथे थांबा. लगेच व्हॉल्तेरला आणू नका. आधी गटाला विचारा, पुरावा काय होता?

त्या काळी चर्चमधून एक जाहीरनामा वाचला जाई. ज्याला काही ठाऊक असेल त्यानं पुढे येऊन सांगावं, नाहीतर धर्मातून बहिष्कृत व्हावं. तुलूजमध्ये जो वाचला गेला त्यातले मुद्दे मराठीत करून मोठ्यानं वाचा. ऐकीव माहितीसुद्धा चालेल, असं त्यात स्पष्ट आहे. मग विचारा, यात कुठला प्रश्नच नाही? आमच्याकडे एका निवृत्त तलाठ्यानं पटकन उत्तर दिलं : पोरानं स्वतःच फास घेतला असेल तर? ती शक्यता कुठेच नाही. खून झालाच आहे असं धरून साक्षीदार बोलावले होते. त्यात भर म्हणजे प्रोटेस्टंट घरातल्या या पोराची कॅथलिकांनी थाटात अंत्ययात्रा काढली, जणू हुतात्माच. एवढं झाल्यावर न्यायाधीशाच्या मनात काय उरतं?

यातला पुराव्याचा हिशेब मला फार आवडतो (आवडतो म्हणजे अंगावर येतो). व्हॉल्तेरनं पुढे 1766 मध्ये लिहिलं की तुलूजचं न्यायालय पाव पुरावा आणि अदपाव पुरावाही धरतं. आठ अफवा जमल्या की झाला एक पुरा पुरावा! भाजी मंडईत चालेल हे.

फाईलमधली अडचणीची पानं मात्र लपवू नका. घरच्यांनी आधी सांगितलं, कुणीतरी मारलं. नंतर जबाब फिरवला आणि म्हणाले, त्यानं गळफास घेतला. का फिरवला? आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत रस्त्यातून फरफटत नेत, म्हणून आधी खरं दडवलं. दुसरं पान व्हॉल्तेरचं स्वतःचं. ‘सहिष्णुतेवरील प्रबंध’ या त्याच्या 1763 च्या पुस्तकात तो कालासला 68 वर्षांचा म्हणतो. तो होता 63 चा. सुजलेल्या पायांच्या म्हाताऱ्याला 28 वर्षांच्या तगड्या पोराला एकट्यानं लटकवणं कसं जमेल, असा मुद्दा मांडताना पाच वर्षं वाढली. हा माणूस वकिली करतोय हे गटाला आधीच कळलेलं बरं. पहिल्यांदा बातमी ऐकली तेव्हा खुद्द त्यालाही बाप दोषीच वाटला होता. मग त्यानं कालासच्या धाकट्या मुलाला (दोना त्याचं नाव) घरी बोलावून खोदून खोदून विचारलं, पत्रं धाडली, वकील गाठले, पत्रकं छापली. फ्रान्समध्ये खटल्याची कागदपत्रं गुप्त असत आणि निकालाला कारणं देत नसत. म्हणून त्यानं लावून धरलं की कागद दाखवा. 7 मार्च 1763 ला राजाच्या मंडळानं तुलूजकडून रेकॉर्ड मागवलं, आमच्या भाषेत आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज). 1764 मध्ये निकाल रद्द झाला आणि 9 मार्च 1765 ला, शिक्षेच्या निकालानंतर बरोबर तीन वर्षांनी, कालास निर्दोष ठरला.

‘म्हणजे हा नास्तिक’ असं कुणीतरी म्हणणारच. नव्हता. फर्ने या आपल्या गावी त्यानं स्वतःच्या खर्चानं देवाचं देऊळ बांधलं आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरून घेतलं, ‘व्हॉल्तेरने देवासाठी उभारले’. स्वतःचं नाव ठळक, तेही खरं. त्याच काळातले लेखक दिद्रो आणि दोल्बाक यांनी देवच नाकारला, त्यांची गोष्ट वेगळी. जोतीरावांचा ‘निर्मिक’ ज्यांना माहीत आहे त्यांना व्हॉल्तेरचा देव लवकर कळतो. जोतीरावांनी वाचला तो टॉमस पेन, पण तोही देव मानणारा आणि भटगिरी न मानणाराच. आणि हो, ज्यूंविषयी व्हॉल्तेरनं लिहिलेलं विखारी आहे. कुणी ते काढलं तर त्याची बाजू घेत बसू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो एका कागदाला. मार्क-आंत्वान कायदा शिकला होता. वकिली करायला चर्चकडून कॅथलिक असल्याचा दाखला लागायचा, तो त्याला मिळेना. दुकानात बसणं त्याच्या जिवावर येई. जन्म, लग्न, मृत्यू, सगळी नोंदवही पाद्र्याकडे. प्रोटेस्टंटांची लग्नं सरकारदरबारी लग्नंच नव्हती, मुलं अनौरस. तलाठीबुवा म्हणाले, ‘मग वारसनोंद कशी घालायची?’ त्या संध्याकाळी सगळ्यांना चर्चा खरी कळली ती या प्रश्नानं. 1787 च्या नोव्हेंबरात राजा सोळाव्या लुईनं आज्ञापत्र काढलं आणि कॅथलिक नसलेल्यांची नोंद न्यायाधीशापुढेही होऊ लागली. जाहीर प्रार्थनेचा हक्क त्यात नव्हता. दोन वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या दहाव्या कलमात आलं की मतांसाठी, धर्मविषयक मतांसाठीसुद्धा, कुणाला त्रास देऊ नये.

शेवटी प्रत्येकाला कोरा कागद द्या : वीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं 1788 मध्ये लग्न नोंदवायला आलंय, रकाने आखा. आमच्या नऊ जणांपैकी तिघांनी सवयीनं ‘धर्म’ हा रकाना आखला. मी खोडला नाही, पुढच्या शनिवारी त्याच कागदांवरून सुरुवात केली. त्या दिवशी शव्हालिए द ला बारचा खटला घेतला, 1766 चा. ईश्वरनिंदेसाठी मारलेल्या या कोवळ्या पोराच्या देहाबरोबर व्हॉल्तेरचं पुस्तकही जाळलं होतं. दोन्ही खटले एका बैठकीत घेऊ नका, चहा गार होतो.